पहिला कोण आणि आपला कोण?

मराठवाड्यातल्या या बुद्धिबळ संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, ऋणी आहे. ते ऋण इथेच मान्य करून पुढे जातो, कारण दुपारी शेजारच्या हॉलमध्ये पुढच्या राउंडची पेअरिंग लागेल आणि मग अध्यक्षाकडे बघायला कुणाला सवड नसेल.

१ सप्टेंबर २०२३ ला फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, रेटिंग यादी जाहीर झाली आणि दोम्मराजू गुकेश विश्वनाथन आनंदच्या पुढे गेला. जुलै १९८६ पासून सदतीस वर्षं भारताचा पहिला क्रमांक एकाच माणसाकडे होता. बातमी गाजली, गाजायलाच हवी होती. पण तिच्यातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी उचलली नाही. आनंदच्या आधी त्या जागेवर मुंबईचे प्रवीण ठिपसे होते. मराठी माणूस देशात पहिला होता आणि ते सांगायला आपल्याला चेन्नईच्या मुलाची बातमी लागली.

आजच्या परिसंवादाला आयोजकांनी विषय दिलाय तो भारताच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या क्रमवारीचा आणि आपल्या मातीतल्या गुणवत्तेचा. विषय भांडणाचा आहे, म्हणूनच चांगला आहे. अध्यक्षाने मोघम बोलावं असा संकेत असतो. पण क्रमवारीच्या विषयावर मोघम बोललो तर चहाच्या वेळी तुम्ही मला सोडणार नाही. तेव्हा माझी यादी आधी देऊन टाकतो.

आनंद पहिला. त्याची जगज्जेतेपदं पाच, तीही तीन वेगळ्या तऱ्हांनी मिळवलेली. २००० मध्ये बाद पद्धतीने, २००७ मध्ये आठ जणांच्या साखळीत, आणि मग २००८, २०१० आणि २०१२ मध्ये क्रामनिक, तोपालोव आणि गेल्फांड यांच्याशी समोरासमोर. तो खेळायला लागला तेव्हा या देशात एकही ग्रँडमास्टर नव्हता. १९८८ मध्ये पहिला झाला तो तोच. दुसरा गुकेश. यावर अर्जुन एरिगैसीचे चाहते हरकत घेतील, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. डिसेंबर २०२४ च्या यादीत अर्जुन २८०१ वर होता, २८०० ओलांडणारा आनंदनंतरचा तो पहिला भारतीय. गुकेश त्या आकड्यापर्यंत गेला नव्हता. पण त्याच महिन्याच्या १२ तारखेला सिंगापूरमध्ये, सामना बरोबरीत असताना, चौदाव्या आणि शेवटच्या डावात तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनकडून एक चूक झाली आणि अठरा वर्षांच्या गुकेशने ती सोडली नाही. रेटिंग हा वर्षभराचा हिशोब असतो. जगज्जेता ठरतो तो अशा एका दुपारी. तिसऱ्या जागेवर मी कोनेरू हंपीला ठेवतो. काही भुवया वर गेल्या, दिसतंय मला. २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, आणि जागतिक रॅपिडचं विजेतेपद एकदा २०१९ मध्ये, मग घर-संसार सांभाळून पुन्हा २०२४ मध्ये. इतका लांबचा पल्ला गाठणारे आपल्याकडे आनंद सोडून कितीसे आहेत? मग अर्जुन, मग प्रज्ञानंद. पुढच्या जागांवर तुम्ही भांडा.

महाराष्ट्रापुरतं विचाराल तर नाशिकचा विदित गुजराथी पहिला. २०२३ ची ग्रँड स्विस जिंकून तो टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत पोचला आणि तिथे त्याने अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. नागपूरची दिव्या देशमुख आज दुसरी. हा 'आज' फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही. आणि तिसऱ्या जागेवर मी रोहिणी खाडिलकरांना बसवतो, ठिपसे आणि अभिजित कुंटे यांच्याही वर. हे दोघंही पुरुषांचे राष्ट्रीय विजेते आणि ग्रँडमास्टर, रोहिणीताई ग्रँडमास्टर नव्हेत. तरीही. का, ते सांगायला आधी रेटिंगच्या पोटात शिरावं लागेल.

ही पद्धत अर्पाद एलो यांची. मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. हिशोब सरळ आहे. दोन खेळाडूंमध्ये २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याने शंभर डावांत साधारण ७६ गुण कमवावेत ही अपेक्षा. अपेक्षेपेक्षा जास्त कमावले तर रेटिंग वाढतं, कमी पडले तर घटतं. म्हणजे हा आकडा उंची किंवा वजनासारखा एकट्या माणसाचा नसतो, तुम्ही कोणाशी खेळलात याचाच तो आकडा असतो. आता एक टोळी फक्त आपापसात खेळत राहिली तर काय होईल? त्यांचे गुण त्यांच्यातच फिरतील आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा सांधा तुटेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस म्यानमारचे बरेच खेळाडू जागतिक यादीत एकदम वर दिसायला लागले. ते बाहेर फारसे खेळतच नव्हते. ही फुगलेली बाजू. याची सुकलेली बाजूही असते. जानेवारी १९८७ मध्ये फिडेने महिला खेळाडूंना सरसकट १०० गुण वाढवून दिले. बायका बायकांशीच खेळतात, त्यामुळे त्यांचं रेटिंग खऱ्या ताकदीपेक्षा कमी राहतं, असं कारण दिलं. एकटी हंगेरीची सुसान पोल्गार वगळली, कारण ती पुरुषांमध्ये खेळत होती. जी मुलगी मोठ्या पाण्यात उतरली तीच मागे पडली आणि काठावरच्या वर गेल्या!

याच्या दहा-अकरा वर्षं आधी, १९७६ मध्ये, मुंबईच्या तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या होत्या. गदारोळ झाला. प्रकरण फिडेचे अध्यक्ष माक्स यूवे यांच्यापर्यंत गेलं आणि त्यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून महिलांना अडवता येणार नाही. पुढे रोहिणीताई आशियाई विजेत्या झाल्या. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही बहिणींनी मिळून राष्ट्रीय महिला अजिंक्यपद अनेक वर्षं घराबाहेर जाऊ दिलं नाही. घर होतं 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकरांचं. पण माझ्या यादीत त्यांची जागा त्या पदकांमुळे नाही. आजची कुठलीही दिव्या, कुठलीही वैशाली खुल्या गटात नाव नोंदवते तेव्हा प्रवेश अर्जावर कुणी तिला अडवत नाही, त्याच्या मुळाशी त्या तेरा वर्षांच्या मुलीचा हट्ट आहे. कुठल्याही रेटिंग यादीत या कामाचे गुण मिळत नाहीत.

ठिपशांचंही तसंच. ते १९५९ चे. १९८५ ला राष्ट्रकुल स्पर्धा जिंकले आणि ग्रँडमास्टर झाले १९९७ मध्ये, अडतिशीच्या आसपास. आनंद आणि दिब्येंदू बारुआनंतरचे ते देशातले तिसरे. गुकेश बारा वर्षं सात महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. या दोन वयांमधलं अंतर बुद्धीचं आहे असं मानणारा माणूस या सभागृहात नसावा. या किताबासाठी लागणारा नॉर्म मिळवायला ग्रँडमास्टर समोर बसावे लागतात, परदेशी खेळाडू लागतात, नऊ फेऱ्या लागतात. त्या काळात हे सगळं विमानाच्या तिकिटापलीकडे होतं आणि तिकीट पगारापलीकडे.

आता मातीकडे येऊ. 'आपल्या मातीतला खेळाडू' हे आपण फार सहज म्हणतो. सुलतान खान कोणाच्या मातीतला? पंजाबातल्या मीठा तिवाना गावचा, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला माणूस. शिकला तो देशी नियमांनी. तेच नियम आपल्या आजोबांच्या पटावरही होते: प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालणार, राजाला एकदा घोड्याची उडी, प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची, आणि समोरच्याचा सगळा फौजफाटा खाऊन टाकला की बुर्जी, म्हणजे जिंकत आलेला डाव हातचा गेला. अशा पटावरून उठून हा माणूस इंग्लंडला गेला, १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेतली, माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं, आणि परत येऊन शेतीवाडीत रमला. २०२४ मध्ये फिडेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं, आणि तो पाकिस्तानचा पहिला ग्रँडमास्टर म्हणून नोंदला गेला. तो खेळत होता तेव्हा पाकिस्तान नव्हतं, आणि आज ते गाव भारतात नाही. माझ्या यादीत मी त्याला घेतलेलं नाही. सोडलेलंही नाही, वेगळ्या पानावर ठेवलंय.

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. २०१६ च्या ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी सुवर्ण घेतलं तेव्हा संघात आधी इटलीकडून खेळलेला कारुआना होता आणि फिलिपिन्समध्ये घडलेला वेस्ली सो होता. यात काही गैर नाही, नियमात बसतं. आपल्याला मात्र २०२४ मध्ये बुडापेस्टला खुल्या आणि महिला या दोन्ही गटांत सुवर्ण मिळालं, आणि ते मिळवणारे दहाही खेळाडू इथेच शिकलेले. त्याबद्दल छाती फुगवायला हरकत नाही. विदित आणि दिव्या त्या दहांत होते, आणि महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. पण 'इथेच' म्हणजे नेमकं कुठे, ते बघू.

दिव्याचंच घ्या. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकात ती गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत समोर हंपी. दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, पहिला रॅपिडही. दुसऱ्या रॅपिडमध्ये काळ्या मोहऱ्यांनी तिने डाव काढला आणि एकोणिसाव्या वर्षी विश्वचषकासोबत थेट ग्रँडमास्टर झाली, देशातली अठ्ठ्याऐंशीवी. हरलेली खेळाडू तिच्या जन्माआधीपासून ग्रँडमास्टर होती, हे लक्षात घ्या. पुढे नागपूरला मोठा सत्कार झाला, राज्य सरकारने ३ कोटी रुपये दिले. चांगलं केलं. पण तिची पुढची घडण चेन्नईचे प्रशिक्षक आर. बी. रमेश आणि श्रीनाथ नारायणन यांच्याकडे झाली, आणि पहिली घडण नागपुरात राहुल जोशी सरांकडे. जोशी सर २०२० मध्ये गेले. ही मुलगी ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा होती, असं दिव्या स्वतः सांगते. मग ती कोणाची? माझं उत्तर असं की जोशी सरांमुळे ती नागपूरची आहे. सत्काराने ती नागपूरची होत नाही.

एक गोष्ट बोलायला जरा अडचणीची आहे, पण आज बोलायलाच हवी. विदितचे आई-वडील डॉक्टर. दिव्याचे आई-वडील डॉक्टर. गुकेशचे वडील नाक-कान-घशाचे सर्जन, त्यांनी मुलासाठी प्रॅक्टिस बाजूला ठेवली. अर्जुनचे वडील न्यूरोसर्जन. आपण ज्याला मातीतली गुणवत्ता म्हणतो ती बऱ्यापैकी दवाखान्यातली आहे! या घरांबद्दल मला आदरच आहे, त्यांनी जे सोडलं ते थोडं नव्हे. गुकेशच्या घरीही पैसे कमी पडले आणि लोकांकडून वर्गणी काढावी लागली. पण सर्जनच्या घरी पैसे कमी पडत असतील तर अंबडच्या शाळेतल्या शिक्षकाच्या घरी काय होत असेल? सेलूच्या किराणा दुकानदाराच्या घरी? ती मुलं आपल्या यादीच्या खालच्या टोकालासुद्धा नाहीत. त्यांना खेळ येत नाही असं कुणी तपासून पाहिलेलंही नाही.

चेन्नईला जाऊन जे दिसतं ते लोक चुकीचं वाचतात. तिथल्या पाण्यात काही नाही. मॅन्युएल एरन यांनी १९७२ मध्ये तिथे सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब सुरू केला आणि लहानगा आनंद तिथे खेळत असे. पुढे रमेश यांनी नोकरी सोडून प्रशिक्षणाला वाहून घेतलं. वेलम्मालसारख्या शाळांनी खेळणाऱ्या मुलांच्या हजेरीचं आणि परीक्षेचं सांभाळून घेतलं. २०२० मध्ये आनंदने स्वतः अकादमी काढली. देशातले ग्रँडमास्टर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास तमिळनाडूचे आहेत, त्यामागे ही अर्ध्या शतकाची न तुटलेली साखळी आहे.

आणि ज्यांना चेन्नई लांब वाटते त्यांच्यासाठी सांगली आहे. सांगली काही महानगर नाही. तिथे भाऊसाहेब पडसलगीकर नावाच्या माणसाने नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून दर उन्हाळ्यात स्पर्धा भरवल्या, वर्षानुवर्षं, पाहुणा येवो न येवो. त्या सांगलीने भाग्यश्री साठे दिल्या, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. स्वाती घाटे दिली, वुमन ग्रँडमास्टर. खेळाडू आधी आणि स्पर्धा नंतर, असा क्रम तिथे नव्हता.

आता आपल्या घरात बघू. मराठवाड्यातल्याच साक्षी चितलांगेने वुमन इंटरनॅशनल मास्टर होऊन दाखवलं, तेव्हा 'आमच्याकडे डोकं नाही' हे रडगाणं बंद करा. आपल्याकडे काय आहे? रविवारची एकदिवसीय रॅपिड. सकाळी नऊला उद्घाटन, ते साडेदहाला होतं. पाहुण्याने पटावर राजासमोरचं प्यादं दोन घरं सरकवलं की फोटो. मग घाईघाईत सहा-सात फेऱ्या, संध्याकाळी छातीएवढे चषक. सात वर्षांखालील, नऊ वर्षांखालील, अकरा वर्षांखालील, शाळेप्रमाणे, तालुक्याप्रमाणे. रिकाम्या हाताने कुणी घरी जात नाही. प्रवेश फी चषकात जाते, चषक शोकेसमध्ये जातो. मूल काय शिकलं? जिल्ह्यातल्या त्याच वीस-पंचवीस मुलांशी ते पुन्हा खेळलं. त्याच्या घोड्याला कुठे फसवायचं हे त्या सगळ्यांना पाठ आहे, आणि त्यालाही त्यांचं. हेच मूल मे महिन्यात पुण्याला क्लासिकल स्पर्धेला जातं. नव्वद मिनिटं आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद. समोर दक्षिणेतला कुणीतरी, रेटिंग ह्याच्याएवढंच, १५५०. चाळिसाव्या चालीपर्यंत डाव समान. मग उरतात दोन हत्ती आणि चार-चार प्यादी. आपलं मूल वीस मिनिटं शिल्लक असताना तीस सेकंदांत चाली करायला लागतं, कारण इतका वेळ बसून राहायची त्याला सवयच नाही. प्रतिस्पर्धी टोपी घालून शांत बसून असतो. बाहेर पालक म्हणतात, एंडगेम कच्चा आहे. एंडगेमची वही घरी पूर्ण भरलेली असते. बसण्याची वही कुणी घालून दिलेली नसते.

आपापसात खेळून रेटिंग सुकण्याचा प्रश्न फिडेलाही कळलेला आहे. १ मार्च २०२४ ला २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एका सूत्राने वर उचललं गेलं आणि तळ १४०० केला. आपल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. माझ्या शेजारच्या एका बाबांनी मुलाचं रेटिंग एका रात्रीत दोनशेने वाढल्याचं मला अभिमानाने सांगितलं. त्यांना एवढंच म्हणालो की समोर बसणाऱ्याचंही वाढलंय.

म्हणून या संमेलनापुढे काही सूचना ठेवतो. पटल्या तर उद्याच्या खुल्या अधिवेशनात ठराव म्हणून मांडा. पहिली, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत मिळून वर्षाला निदान आठ क्लासिकल रेटिंग स्पर्धा, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विभागून, तारखा एकमेकींवर न येता. हॉलचं भाडं हा मोठा खर्च असतो. सुट्टीत शाळांचे वर्ग रिकामे असतात, मुख्याध्यापकांकडे मी स्वतः यायला तयार आहे. दुसरी, चषकांची संख्या निम्मी करा आणि वाचलेल्या पैशात प्रत्येक स्पर्धेला बाहेरचे चार-पाच २२०० च्या वरचे खेळाडू बोलवा, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करा. पहिलं रेटिंग लागायला रेटिंगवाल्या पाच खेळाडूंशी डाव लागतात. आपल्या नवीन मुलांना ते घरात मिळू द्या, पुण्याच्या लॉजमध्ये नको. मुलींना खुल्या गटात खेळायची फी निम्मी ठेवा, आणि मुलींचा वेगळा चषक मिळतो म्हणून त्यांना खुल्या गटातून काढून घेऊ नका. हे पालकांना सांगतोय.

आणि एक यादी आपण खरोखर करू. खेळाडूंची नको, ती फिडे दर महिन्याला फुकट करून देते. आपल्या आठ जिल्ह्यांत मुलांना पहिल्यांदा पटावर बसवणाऱ्या माणसांची: शाळेतले शिक्षक, निवृत्त पोस्टमन, दुकानाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी चार पट मांडणारे. नाव, गाव, किती मुलं येतात, पट किती, घड्याळं किती. चालू असलेलं घड्याळ एकही नाही अशा जागा बऱ्याच निघतील. नोंदवही बाहेर टेबलावर ठेवलीय, जेवायला जाताना त्यात लिहा. हंपीला तिसरी का ठेवली याचं भांडण जेवताना करू. मी डावीकडच्या पंगतीत आहे.